हरसिंगकाका आणि ढवळ्याचा राखणदार

हरसिंगकाका कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिचे दात बघायचे.

दात नसलेल्या वस्तूंचेसुद्धा. कूलर घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मागची जाळी काढायला लावली, आत टॉर्च मारला, पंख्याची पाती बोटांनी चाचपली आणि दुकानदाराला म्हणाले, "जुळलेला हाय. नवा म्हणून इकून राहिले व्हय?" बैलाचे सगळे दात आले की तो जुळला असं म्हणतात. मग दातांवरून वय सांगता येत नाही आणि विकणारा म्हणेल ते खरं मानावं लागतं. दुकानदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण आपली चोरी पकडली गेली एवढं त्याला समजलं आणि त्यानं निमूटपणे आतून दुसरा कूलर आणला. थोरल्या मुलासाठी स्थळ बघायला निघाले तेव्हा काकींनी त्यांना घरीच बजावलं होतं, "तिथं हात मांडीखाली घालून बसायचं. आन् त्वांड उघडायचं न्हाई, ना तुमचं ना तिचं."

काका मूळचे साखऱ्याकडच्या तांड्यावरचे. वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरलेले; काकांनी बैलांचीच खरेदी-विक्री धरली आणि जन्मभर जिल्ह्यातले सगळे बाजार पालथे घातले. पुढं मुलाला नोकरी लागली, हिंगोलीत आमच्या कॉलनीत घर झालं, मुलाची बदली दूर झाली, आणि घरात काका-काकी दोघंच उरले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, मनगटात बापाच्या वेळचं जाडजूड चांदीचं कडं. आवाज असा की ते काकींशी कानगोष्ट करत तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची.

त्यांचा परवलीचा शब्द होता, "खोड सांगा." माणूस असो, यंत्र असो, औषधाची बाटली असो, आधी खोड सांगा. "बिनखोडीचं जनावर देवानं घडवलं न्हाई भाऊ. जो म्हणते माझ्या मालात खोड न्हाई, त्याचा माल सोडा, त्याच्या दारातलं पाणीबी पिऊ नका." मी शेजारी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मलाही माझी खोड विचारली होती. मी घोरतो म्हणालो. "बराबर," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

गुडघे बोलायला लागले तशी काकांनी गोठ्यातली शेवटची जोडी विकली आणि पांढरी सेकंडहँड मारुती घेतली. तिचं नाव ठेवलं ढवळ्या. माझी तांबडी स्कूटर तिच्या शेजारी लागायची, तिचं नाव अर्थातच पवळ्या झालं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. गुणाचं खरं होतं, कारण ढवळ्या सकाळी सुरू होत नसे आणि महिन्याभरात माझी स्कूटरही सुरू होईनाशी झाली. ब्रेक दाबताना काका तोंडानं "हो, हो, हो" म्हणायचे. पोळ्याच्या दिवशी त्यांनी गाडीवर झूल घातली, पुढं हार बांधला आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. काकींनी कपाळाला हात लावला. पोळी कावळ्यानं नेली, तर काका म्हणाले, "नैवेद्य पोचला."

असं सगळं सुखानं चाललं होतं आणि ढवळ्याच्या अंगावर ओरखडे दिसायला लागले.

गाडी घरासमोर कडुलिंबाखाली उभी असायची. ओरखडे एकाच बाजूला, रस्त्याकडच्या, पुढच्या दिव्यापासून डिकीपर्यंत लांबच लांब. एक पुसला की दुसरा. मी म्हणालो, गल्लीतली ढोरं अंग घासत असतील. काका माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत राहिले.

"भाऊ, आख्खी जिंदगी ढोरात गेली माझी. शिंगाची रेघ वरून खाली येते. ही आडवी हाय. हे माणसाचं काम हाय." मग खाली बसून त्यांनी रेघेची उंची वितीनं मोजली, उभे राहिले आणि जाहीर केलं, "किसन्या."

किसनराव पुसेगावचे. बैलांच्या धंद्यात काकांचे भागीदार, आणि भागीदारी उभ्या जन्माची. किसनरावांच्या वस्तीतल्या विहारात बुद्धाची मूर्ती आणायची होती तेव्हा तांड्यावरून काका गाडीबैल घेऊन गेलेले, आणि काकांच्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढायला किसनराव पुढं. आम्ही हे सगळं ऐकून होतो, कारण काकांच्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात "मी आन् किसन्या" अशीच व्हायची. पण गाडी घेतल्यावर काका ती मिरवत बाजारात घेऊन गेले, तेव्हा चहाच्या टपरीवर चारचौघांत किसनराव म्हणाले होते, "हरसिंग्या, हे कसलं जनावर बे? तेल पिते आन् धूर सोडते. शेणाचा एक पो तरी टाकते का, पाह्य?" बाजार खदाखदा हसला. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर सगळ्यात मोठ्यानं काकाच हसले असते. पण त्या दिवशी ते चहा अर्धा टाकून उठले, आणि तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद होती. बाजारात जाणंही त्यांनी सोडलं.

"किसन्या बुटका हाय," काका म्हणाले. "बराबर त्याच्या हाताच्या उंचीची रेघ हाय." काका स्वतः किसनरावांहून असतील तर बोटभरच उंच असतील, पण हे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"अहो काका, पुसेगावहून कुणी गाडी ओरखडायला येईल का?"

"पहिल्या यष्टीनं येते. बाजारच्या दिवशी रेघा जास्ती असतात, पाह्यलं न्हाई तुमी? बाजाराला येते, आधी इथं येते, हात साफ करते, मग बाजारात जाते."

बाजारच्या दिवशी ओरखडे वाढतात हे मात्र खरं होतं. मी स्वतः बघितलं होतं आणि त्याचा उलगडा मलाही होत नव्हता.

"आणि सापडले तर काय करणार? पोलिसात देणार?"

"छ्या! पोलिसात काहून?" काका दचकलेच. "घरात आणून बसवीन. चहा पाजीन. मंग इचारीन." काय विचारणार ते त्यांनी सांगितलं नाही. पण बाजारात त्यांनी चारपाच जणांकडून निरोप पोचवला, की हरसिंग आता कॅमेरा लावणार आणि किसन्याला रंगेहात धरणार. एकदा असं बोलून गेल्यावर माघार नव्हती. कॅमेऱ्यात किसनराव दिसले नाहीत तर उभ्या बाजारात काकांनी एका भल्या माणसावर आळ घेतला असं झालं असतं, आणि दिसले असते तर जन्माची दोस्ती उघड्यावर मोडली असती. मला दोन्हीची धास्ती वाटत होती.

मी टेलिफोन खात्यात होतो. "तुमी वायरीतले माणूस," असं म्हणून काकांनी मला कॅमेरा निवडायला नांदेडला नेलं. टेलिफोनचा आणि कॅमेऱ्याचा संबंध नाही हे मी बसमध्ये त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बैलाचा आन् गायीचा तरी काय संबंध हाय? पण एकाच गोठ्यात असतात ना."

दुकानात कॅमेरे मांडलेले होते. दुकानदार तरुण होता, हिंदी बोलणारा, भलताच उत्साही. त्यानं मान फिरवणारा कॅमेरा दाखवला. कॅमेरा सावकाश डावीकडं वळला, सावकाश उजवीकडं वळला. काका त्याच्याबरोबर डावीउजवीकडं मान फिरवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बिचकणारं हाय हे. सारखी मान हालवते ते जनावर राखणीला चालत न्हाई." मग गोल घुमटासारखा एक निघाला. "याचा डोळा कुठं हाय ते कळत न्हाई. नजर चोरते." तिसरा लांबट होता, तो त्यांनी हातात घेऊन वजन बघितलं, पुढच्या काचेवर बोट फिरवलं, मागं वायर लागते त्या भोकात डोळा घालून बघितलं. दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं बघायला लागलो.

"चाचा, बजट कम है तो ये लो," दुकानदार म्हणाला. त्यानं पुढं केलेला कॅमेरा खोटा होता. आत काही नाही, नुसता लाल दिवा लुकलुकतो. "चोर को क्या मालूम?"

काकांचा आवाज चढला. "आरे, आमी शेतात बुजगावणं उभं करतो, पण बुजगावण्याला राखणदार म्हणत न्हाई! मला त्याला भ्या दाखवायचं न्हाई, मला त्याला पाहायचं हाय."

हे वाक्य तेव्हा मी मनावर घेतलं नाही. मला भूक लागली होती.

लांबट कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं असं दुकानदार म्हणाला. "चालवून दाखवा," काका म्हणाले. मग शटर खाली ओढलं, दिवे घालवले, आणि मला दुकानाच्या त्या टोकाला जाऊन चालायला सांगितलं. मी चाललो. "लंगडा," काका पडद्याकडं बघत म्हणाले. "उजव्या पायात कमी हाय भाऊ तुमच्या." बूट चावत होता हे त्यांना अंधारात, एवढ्याशा पडद्यावर दिसलं. कॅमेऱ्यावर ते खूष झाले. तरी "आठ दिवस दारात बांधून पाहतो, मंग सांगतो" असं म्हणालेच, आणि माल परत घेणार नाही असं दुकानदारानं सांगितल्यावर खाली बसले.

"मंग खोड सांगा."

"कोई खोड नहीं चाचा. एक नंबर माल है."

काका उठले. दुकानाच्या दारापर्यंत गेले. मी मागोमाग. तेव्हा दुकानदार वैतागून ओरडला, "अरे चाचा, लाइट गई तो बंद पड़ेगा! और क्या बताऊँ!"

काका जागच्या जागी वळले. चेहरा उजळला होता. "आता बराबर! लाईट गेली की बसते. ही झाली खोड. बांधा."

खोक्यात कॅमेऱ्याबरोबर वायरीचं वेटोळं फुकट होतं. काकांनी ते काढून दुकानदाराच्या हातात परत दिलं. दुकानदार घ्यायला तयार नव्हता, काका ठेवून घ्यायला तयार नव्हते. जनावर विकलं तरी दावं विकणाऱ्यानं ठेवून घ्यायचं असतं, नाहीतर दाव्याबरोबर त्याच्या गोठ्याची बरकत निघून जाते. "पोरगं खोड सांगून गेलं, त्याची बरकत काहून नेऊ मी?" मी हात जोडले, पाया पडलो, ही वायर वेगळी असते म्हणालो. काही उपयोग झाला नाही. हिंगोलीत उतरल्यावर मी केबलवाल्याच्या हातापाया पडून वायरीचा तुकडा मिळवला, आणि तो लावल्यावर चित्रात चांगला पाऊस पडायला लागला. काकांनी त्यावर तक्रार केली नाही. "आपलं दावं हाय," म्हणाले.

कॅमेरा दारावर बसला. त्याची वायर टीव्हीमागच्या जुन्या व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरमध्ये मुलाच्या लग्नाची कॅसेट. काकींनी फार आरडाओरड केली, पण लग्नातलं जेवण खराब झालं होतं, ते पुसलं गेलं तर बरंच, असं काकांचं मत. ते दिवस भारनियमनाचे होते. सकाळी ठरल्या वेळी लाईट जायचीच. म्हणून काका उजाडताना उठून बटण दाबायचे, बाहेर जाऊन ढवळ्याची पाहणी करायचे, आणि दुपारी लाईट आली की मी जेवायला घरी आलेला असायचो, तेव्हा आम्ही तिघं कॅसेट बघायला बसायचो. काकी मुरमुऱ्याचा चिवडा करायच्या.

कॅसेटमध्ये सुरुवातीला रोज काकाच दिसायचे. "हा मी. पुढं ढकला," काका म्हणायचे. काकी रिमोटनं पुढं ढकलायच्या. मग दूधवाला यायचा, तो ढवळ्याकडं न बघता जायचा. एक कुत्रं यायचं, मागच्या चाकाशी त्याला करायचं ते करून जायचं. मग लाईट जायची. ओरखडे मात्र रोज ताजे. "कॅमेऱ्याची नजर चुकवून राहिला," काका म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा कौतुकच जास्त असायचं. "किसन्या हुशार हाय. लय हुशार हाय."

एका बाजारच्या दिवशी मात्र ते पहाटेपासून तयार होते. आज येणार म्हणजे येणारच. दुपारी कॅसेट लावली, आणि नेमक्या रिमोटच्या सेलनी माना टाकल्या. काकींनी रिमोट तळहातावर आपटला, मांडीवर आपटला, पण तो दाद देईना. मग जे होतं ते पहिल्यापासून, आहे त्या चालीनं बघणं आलं.

पडद्यावर पावसातून काका आले. आवाज नव्हता. ते ढवळ्यासमोर उभे राहिले. मग त्याच्या कपाळावर, म्हणजे बॉनेटवर, हात ठेवला. आणि बैलाच्या अंगावरून फिरवतात तसा तो हात त्यांनी सावकाश मानेवरून, खांद्यावरून, पोटावरून, पार पुठ्ठ्यापर्यंत नेला. थोपटलं. परत पुढं आले. परत हात ठेवला, परत तसाच फिरवला. बाजाराला न्यायच्या बैलाला पहाटे असंच चोळून तकतकीत करतात. पडद्यावरचे काका थांबायला तयार नव्हते. बाजारचा दिवस होता आणि बाजाराला न्यायला दुसरं काही नव्हतं.

"थांबा," काकी म्हणाल्या. त्या उठून टीव्हीजवळ गेल्या. "ते कडं पाहा वो."

हात फिरत होता आणि मनगटातलं कडं पत्र्याला लागून फिरत होतं, दिव्यापासून डिकीपर्यंत.

काकींनी नवऱ्याचा हात ओढून घेतला. कड्याच्या नक्षीत पांढरा रंग भरलेला होता. काकी जी हसायला लागल्या ती चिवड्याची परात सांडली. "पकडला! पकडला चोर! आता आणा घरात आन् पाजा चहा!" मलाही हसू आवरेना. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकाही हसतील म्हणून मी वळून बघितलं.

काका हसत नव्हते. ते पडद्याकडंच बघत होते. दूधवाला आला, गेला. कुत्रं आलं, गेलं. चित्र बंद पडलं.

"म्हंजे," काका म्हणाले, "किसन्या आलाच न्हाई?"

"नाही ना काका. उगाच आळ घेतलात तुम्ही."

"एकाबी बाजारी न्हाई?"

"नाही."

"मला वाटलं, रागानं का व्हईना, पण येते दारापर्यंत," काका म्हणाले, आणि रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं.

काकींनी सांडलेला चिवडा परातीत भरला. मग म्हणाल्या, "तो न्हाई आला तर तुमी जा. गाडी काय नुसती चोळायला घेतली का?"

आम्ही लगेच निघालो. नरसीच्या पुढं रस्त्यावर मेंढ्या आडव्या आल्या तर काका "हो, हो" म्हणत थांबले, एरवी कुठं थांबले नाहीत. वाटेत त्यांनी मला किसनरावांना काय काय सांगायचं ते बोलून दाखवलं, कड्याचं, कॅमेऱ्याचं, आळ घेतल्याचं. पुसेगावात शिरलो तेव्हा त्यातलं काहीही त्यांना आठवत नव्हतं.

किसनराव बाजार आटोपून परतले होते आणि अंगणात बाजेवर बसले होते. खरंच बुटके होते. त्यांनी गाडीकडं बघितलं, काकांकडं बघितलं आणि बाजेवर थोडं सरकले. काका बसले. मी उभाच.

मग किसनरावच म्हणाले, "गाडी घेतली त्याचा मला राग न्हाई बे. धंदा सोडला हे मला चहावाल्यानं सांगितलं. तू न्हाई सांगितलं."

"कोण्या तोंडानं सांगू?" काका म्हणाले. "सांगितलं आसतं तर सुटलाच आसता ना धंदा."

काकांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि दोघांच्या मध्ये, आपल्या उजव्या हातावर पसरला. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. तो त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही. किसनराव रुमालाकडं बघत राहिले. मग त्यांनीही आपला हात रुमालाखाली घातला.

विकायला तिथं काहीच नव्हतं. रुमाल हलत होता. किसनरावांच्या मंडळी आतून येऊन विचारून गेल्या, "कशाचा सौदा चालला?"

"कमी हाय," किसनराव म्हणाले.

काकांनी परत बोटं दाबली.

"आजून."

काकांनी परत दाबली. दोघांच्याही माना खाली होत्या.

"जमलं," किसनराव म्हणाले.

सौदा जमला की हात बाहेर काढायचा असतो. चहा आला तेव्हा दोघांनीही कप डाव्या हातानं उचलले.